तेच दीड हजार

रविवार, ५ फेब्रुवारी

रोझिना, तिसऱ्या पानावर येईपर्यंत तू पहिलं पान विसरलेली असशील, म्हणून सगळं सावकाश सांगते. नाताळात तू इथे छत्री विसरलीस. त्याच्या आदल्या वर्षी नवऱ्याला माझ्या दारात विसरून गाडी सुरू केलीस. आणि वर मलाच म्हणतेस, "आई, हल्ली तुझ्या लक्षात राहत नाही. रोजचं लिहून ठेवत जा, मी आले की वाचीन." तुझ्या आईला अक्षर येत नाही, हेही विसरलीस का गं?

तर मी सांगते आणि नोरीन लिहिते. नोरीन म्हणजे समोरच्या दाराची. बेकरीच्या ऑफिसात आयुष्य गेलं तिचं, त्यामुळे अक्षर चांगलं आणि कंबर जाड. (लिही, नोरीन. सांगितलंय ते लिही.) आणि भिंतीपलीकडची ग्लेनिस. वेल्समधून आलेली, बारीक, बोलायला लागली की माफी मागितल्यासारखी बोलते. तिच्याकडे तिच्या आईची हार्प आहे, माणसाएवढी उंच. रविवारी ती वाजवते आणि भिंतीतून मला फुकट ऐकायला मिळतं. दोन तारा तुटल्यात. त्या आल्या की ती गप्प होते आणि मग पुढे जाते, जसं काही तिथे स्वर नव्हताच.

तू ग्रिम्स्बीहून पाठवलेला धुरी दिलेला हॅडक मासा आज दुधात शिजवला. जाड तुकडा माझा, मधला नोरीनचा, शेपटी ग्लेनिसची. नेहमीचीच वाटणी. तिला शेपटी चालते. न चालून सांगते कुणाला!

जेवताना नोरीननं वर्तमानपत्र काढलं. "आपलं खातं उचलून दुसऱ्या बँकेत नेलं की बँक दोनशे पौंड देते."

"कशाबद्दल?" मी म्हटलं.

"आल्याबद्दल."

"चौऱ्याऐंशी वर्षांत मी कुठे कुठे गेले. आल्याबद्दल कुणी धड चहा दिला नाही."

मग खरी मेख निघाली. मार्च, एप्रिल, मे, तिन्ही महिने त्या खात्यात दीड हजार जमा व्हायला हवेत. आमचं पेन्शन त्याच्या जवळपास अर्धं. मी म्हटलं, झालं, मासा खा. पण नोरीन म्हणते, "जमा *राहायला* हवेत असं कुठे म्हटलंय? यायला हवेत. आले, टेकले, निघाले. एकाच दीड हजारावर तिघींचं भागेल. एक तारखेला तुझ्याकडून माझ्याकडे, तीनला माझ्याकडून ग्लेनिसकडे, पाचला ग्लेनिसकडून परत तुझ्याकडे. आपोआप जायची सोय करून ठेवते. हात लावायला नको."

"म्हणजे बोट एक, धक्के तीन, आणि माल उतरवायचाच नाही."

"तसंच."

"आणि हा दीड हजार कुणाचा?"

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

तुला ठाऊक आहे ते पैसे कशाचे. आणि विसरली असशील तर पुन्हा ऐक. विम्यातून शवपेटी निघेल आणि खड्डा निघेल. हे दीड हजार पाण्याचे. तुझ्या बापाला, एबेलला, काळ्या मोटारीतून न्यावं लागलं, कारण तेव्हा माझ्याकडे नव्हते. जन्मभर चालत्या घोड्याच्या वेगानं कालव्यावरून बोट हाकत गेलेला माणूस, शेवटी लाल दिव्याशी बसच्या मागे अडकला. मी त्या मोटारीत बसून ठरवलं, एबेल, मी येईन ती पाण्यावरून. जुनी मालवाहू बोट ठेवलेला माणूस आहे, तो दीड हजारात इथून चर्चच्या धक्क्यापर्यंत नेतो. ते पैसे गेले तर मी मरणार नाही, सांगून ठेवते. असंच बसून राहीन.

नोरीनला दोनशेत समुद्राच्या बाजूची खोली हवी आहे, लँडडुनोला. ग्लेनिसला तारा. मला पेटीच्या झाकणावर गुलाब काढून घ्यायचेत, आपल्या बोटीच्या दारावर होते तसे. हो म्हणाले. पण मनात म्हटलं, फुकट देणाऱ्या बँकेचा आणि गोड बोलणाऱ्या शेजारणीचा, दोघींचा हिशेब ठेवायला हवा.

(नोरीन म्हणते हे लिहायलाच हवं का. हवंच.)

बुधवार, २२ फेब्रुवारी

खाती उघडली. माझ्या बँकेच्या पाटीवर घुबड, नोरीनच्या पाटीवर किल्ली, ग्लेनिसच्या पाटीवर ससा. मी त्यांना तशीच ओळखते. पेन्शन, विजेचं बिल, सगळं आपापल्या नव्या खात्यात आपोआप जातं म्हणे.

घुबडाच्या पोरानं सही मागितली. मी चार पाकळ्यांचा गुलाब काढला, नेहमी काढते तो.

"हे काय, आजी?"

"सही."

"पण हे फूल आहे."

"तुझी सही वाचता येते का कुणाला? माझी बघितली की कळतं."

तो हसला आणि आत जाऊन कुणालातरी विचारून आला. बघ, माझ्या फुलावरही यांचा विश्वास नाही, आणि मी यांना दीड हजार देऊन आले.

सोमवार, ६ मार्च

एक तारखेला पैसे गेले. पाच दिवस कालव्याचं दार उघडं राहिल्यासारखं वाटत होतं, सगळं पाणी खाली. काल रविवार, म्हणून आज आले. सकाळी दुकानाबाहेरच्या एटीएमवर जाऊन बघितले. अक्षर येत नसलं तरी आकडे मला येतात. बोटीवर शाळा नव्हती, पण मिठाची पोती कमी भरली की बाप कुणाकडे बघायचा? माझ्याकडे.

दीड हजार. पुरते.

ग्लेनिसला म्हटलं, "आले बरं का."

"हो ना?" ती म्हणाली. "मला तर धडधडत होतं. इतके पैसे एका वेळी माझ्या नावावर कधी नव्हतेच, थर्झा. दोन दिवस मी श्रीमंत होते."

हे वाक्य मी लक्षात ठेवलंय.

गुरुवार, ६ एप्रिल

काल पाच तारीख. आले नाहीत. आज बघितलं, नाहीत.

नोरीन म्हणते ईस्टर आलाय, बँका सुस्तावतात. मी म्हटलं, बँका यंत्रावर चालतात आणि यंत्राला ईस्टर नसतो. लिहिताना मान खाली घालून बसली आहे.

बुधवार, १२ एप्रिल

ईस्टर गेला. पैसे नाहीत.

ग्लेनिसचं दार वाजवलं. एरवी "ये गं" म्हणून सताड उघडते. आज साखळी लावून फटीतून बघितलं. अंगात कोट, गळ्यात मफलर. घरात!

"कुठे निघालीस?"

"कुठे नाही."

"मग कोट?"

"असाच घातला."

"पैसे, ग्लेनिस."

"येतील गं थर्झा. नक्की येतील. थोडं थांब." डोळे लाल. मी विचारलं काय झालं, तर म्हणे कांदा चिरत होते. मी नाकानं अजून धडधाकट आहे. त्या घरात कांद्याचा काय, कशाचाच वास नव्हता. आत ये म्हणाली नाही, चहा विचारला नाही. कोट घालून तयार बसलेली बाई, रोझिना. जाणाऱ्याची लक्षणं ही.

आणि दुपारी खाली, इमारतीतल्या आम्हां म्हाताऱ्यांच्या सामाईक बैठकीच्या खोलीत, बुधवारचं जेवण होतं. तिनं सूप दोनदा घेतलं, आणि कुणाचं लक्ष नाहीसं बघून तीन पाव रुमालात बांधून पिशवीत टाकले. माझं लक्ष होतं. दीड हजार दाबून बसलेल्या माणसाला पावाचीही हाव सुटते. पैसा आला की माणूस असा बारीकसारीकही सोडत नाही.

नोरीन म्हणते, "भूक लागली असेल."

"पेन्शन मिळतं तिला. तुझ्यामाझ्याएवढंच."



सोमवार, १७ एप्रिल

आज मी दाराच्या भोकातून बघितलं. नोरीन ग्लेनिसच्या घरातून बाहेर आली. हातात तिचं निळ्या झाकणाचं पातेलं, रिकामं. दबक्या पावलानं, तू लहानपणी साखर चोरून यायचीस तशी.

आता ही समोर बसून लिहिते आहे, तर तिला विचारते. नोरीन, तू ग्लेनिसकडे काय करत होतीस?

म्हणते, पातेलं आणायला गेले होते.

पातेलं तिच्याकडे गेलं कशाला?

म्हणते, तसंच.

तसंच! एकीचा कोट "असाच", दुसरीचं पातेलं "तसंच". ही युक्ती कुणाची होती? हिची. पैसे आधी कुणाकडे जातात? हिच्याकडे. मग कुणाकडे? तिच्याकडे. आणि आता दोघी मिळून सूप पितात. लिही, नोरीन. लिही की थर्झाला तुम्हां दोघींचा डाव कळलाय.

म्हणते, "थर्झा, मी शपथ घेतलीय, नाहीतर सांगितलं असतं. थोडा धीर धर."

शपथ! चोरांच्या सुद्धा शपथा असतात. ही शेवटची ओळ नोरीनच्या अक्षरातली आहे, रोझिना. पेन खाली ठेव आणि जा.

मंगळवार, २५ एप्रिल

आता अक्षर गोल गोल दिसत असेल. ही शेली. दर मंगळवारी बैठकीच्या खोलीत म्हाताऱ्यांचे केस करायला येते. मी वाफेच्या टोपीखाली बसते आणि ती गुडघ्यावर वही घेऊन लिहिते. टोपीच्या आवाजात मला मोठ्यानं सांगावं लागतं, त्यामुळे अर्ध्या इमारतीला ऐकू जातंय. जाऊ दे.

शनिवारी दारात गाडी आली. दोन माणसांनी ग्लेनिसच्या घरातून ब्लँकेटात गुंडाळलेलं, माणसाएवढं काहीतरी बाहेर आणलं. मला क्षणभर वाटलं ग्लेनिसच गेली, आणि खोटं कशाला सांगू, पहिला विचार आला तो दीड हजाराचा. मग ती मागून स्वतःच आली, "जपून, जपून, मान सांभाळा" म्हणत. हार्प होती. गाडी निघून गेली तरी ती तशीच उभी, हात पुढे धरलेला, जसं काही अजून आधार द्यायचा होता.

सामान आधी हलवतात, मग माणूस हलतं. आम्ही बोटीवाले हे जन्मापासून जाणतो. वेल्सला चाललीय माझी बोट घेऊन.

शेली म्हणते, "ग्लेनिसनं महिनाभर केसही केले नाहीत माझ्याकडे. मला म्हणाली पुढच्या महिन्यात बघू."

"तुझ्याकडे कशाला करेल आता? गावातल्या मोठ्या दुकानात जात असेल, आरशांच्या."

"नाही हो," शेली म्हणते, "परवा दिसली तर स्वतःच कापलेत. मागचे तिरके आलेत."

वेश बदलणं म्हणतात याला. शेलीला जग ठाऊक नाही.

रविवारी भिंतीकडून काही आलं नाही. मी खुर्ची सवयीनं भिंतीजवळ ओढली होती. ती परत जागेवर ठेवली.

मंगळवार, २ मे

जिंकले! शेली, मोठ्या अक्षरात लिही.

शुक्रवारी संध्याकाळी दाराखालून पाकीट आलं. दार उघडेपर्यंत बाहेर कुणी नाही, पण भिंतीपलीकडची कडी वाजलेली मी ऐकली. आत नोटा. वीसच्या, दहाच्या, काही पाचच्या. दोनदा मोजल्या. दीड हजार. वर चिकटवलेला कागद होता, तो शेलीनं आज वाचून दाखवला: "थर्झा, एप्रिल संपायच्या आत भर, म्हणजे तुझा महिना बुडणार नाही."

बघितलंस? महिनाभर दाबून ठेवले, आणि मी इमारतीत बोभाटा केल्यावर बरोबर दाराखालून आले. खाई त्याला खवखवे. शेली म्हणते, बँकेतून जायचे होते ते पैसे नोटांमध्ये कसे आले? मी म्हटलं, चोर कधी पावती देतो का?

शनिवारी सकाळी घुबडाकडे गेले, भरले. आणि त्या सहीवाल्या पोराला सांगितलं, आता एक तारखेला इथून पैसे जायचे नाहीत. ती सोय तोड. माझी बोट आता कुठल्याच धक्क्याला जाणार नाही.

"नक्की, आजी?"

मी गुलाब काढला. यावेळी पाकळ्यांना काटेही काढले.

नोरीनचा मे महिना कोरडा जाणार, लँडडुनो बुडणार. तिनं काल दोनदा दार वाजवलं. मी आत असून नव्हते.

शेली विचारते, आता तर पैसे आले, मग तुम्ही अशा का दिसता? मी म्हटलं, तुझी ती टोपी गरम लागतेय.

मंगळवार, ९ मे

शेली, हळू लिही, मलाच नीट समजलं नाहीये.

सकाळी एटीएमवर गेले. अलीकडे रोज जाते, नुसतं बघायला. पडद्यावर तीन हजार आणि वर पेन्शनचे उरलेले. मी कार्ड काढलं, पुन्हा घातलं. तीन हजार. मागच्या माणसाला म्हटलं, "बाळा, हा आकडा मोठ्यानं म्हण." त्यानं म्हटला. तीनच.

घुबडाकडे जाऊन त्या पोराला विचारलं. तो म्हणाला, "आज पहाटे दीड हजार आलेत. सशाच्या बँकेतून. पाठवणाऱ्याचं नाव ग्लेनिस."

"ते तर आले होते. पाकिटातून."

"ते तुम्ही भरलेले, आजी. हे वेगळे."

शेली, तू सांग. चोर पैसे परत देतो, समजलं. पण एकच पैसा दोनदा कोण परत देतं?

शेली नुसती केसांना पिळे घालते आहे. आता म्हणते, "म्हणजे पाकिटातले तुमचे नव्हतेच. तिचे होते."

तिच्याकडे कुठले? तिच्याकडे होतंच काय, एक हार्प सोडून

शेली, थांब. रोलर राहू देत डोक्यात. काठी दे. मी नोरीनकडे जाऊन येते.

बुधवार, १० मे

पुन्हा नोरीनचं अक्षर. काल तिनं दार उघडलं, माझ्या डोक्यावरचे रोलर बघितले, आणि म्हणाली, "ये. आता शपथेची गरज उरली नाही."

तिनं सांगितलं ते असं.

सशाच्या बँकेला शंका आली. म्हाताऱ्या बाईच्या खात्यात मोठी रक्कम येते, दोन दिवस बसते आणि तेवढीच्या तेवढी निघून जाते. चोर लोक असं करतात म्हणे, दुसऱ्याच्या खात्यातून पैसा धुऊन काढतात. पाच एप्रिलला माझ्याकडे पैसे निघायच्या वेळी त्यांनी तिचं खातंच बांधून ठेवलं. किती दिवस ते सांगेनात. फोन केला की तासभर बाजा वाजवायचे, आणि मग एक पोरगा विचारायचा, "तुमच्यावर कुणी जबरदस्ती करतंय का?" ग्लेनिस म्हणायची, नाही हो, माझ्या मैत्रिणी आहेत. ते ऐकून त्यांना आणखीच शंका यायची.

आणि पेन्शन? ते त्याच खात्यात. खातं बदललं की सगळं मागोमाग जातं, हीच तर यांची सोय. पाच आठवडे तिच्या हातात एक पेनी नव्हती. हीटर बंद, म्हणून कोट. पाव रात्रीसाठी. एकदा रडताना नोरीननं पकडलं, तेव्हा शपथ घालून सांगितलं, आणि मग नोरीन रोज निळ्या पातेल्यातून सूप नेऊन द्यायची.

"आणि मला का नाही सांगितलं? मी काय तिला खाणार होते?"

"मी म्हटलं तिला. ती म्हणाली, थर्झाला कळलं की बोटीचे पैसे अडकलेत, तर तिला धसक्यानं काही झालं म्हणजे? आणि तेव्हा बोट नसेल. ते मला सहन नाही व्हायचं."

रोझिना, मी डोकं धरून बसले. नोरीनला वाटलं रोलर टोचतायत.

म्हणून हार्प विकली. नँटविचच्या एका संगीताच्या मास्तरणीनं सोळाशे दिले. दीड हजार माझ्या दाराखालून, एप्रिल संपायच्या आत, माझा महिना बुडू नये म्हणून. उरलेल्या शंभरात विजेचं बिल. आणि मी काय केलं? सोय तोडून नोरीनचा महिना बुडवून आले. आता सोमवारी बँकेनं खातं मोकळं केलं, तशी अडकलेली बोट आपोआप सुटली आणि माझ्या धक्क्याला लागली. ग्लेनिसला मात्र बक्षीस नाही. चौकशीतलं खातं म्हणून. नुसतं पत्र आलं, गैरसोयीबद्दल क्षमस्व.

बँकेनं आम्हां तिघींवर संशय घेतला. मी दोघींवरच. पण बँकेनं पत्र तरी पाठवलं.

मी नोरीनला म्हटलं, "वही घे आणि चल."

ग्लेनिसनं दार उघडलं. साखळी नव्हती. केस मागून खरंच तिरके आलेत. हार्पच्या जागी गालिच्यावर एक गोल फिकट ठसा. मी तिथे बघितलं आणि मग बघितलं नाही.

"थर्झा, तुझ्या डोक्यात रोलर आहेत."

"ठाऊक आहे. ग्लेनिस, तू पैसे खाल्लेस असं मला वाटलं."

"मला भिंतीतून ऐकू यायचं," ती म्हणाली. "तू टोपीखाली बोललेलं तर वरच्या मजल्यालाही ऐकू गेलं."

"अर्धंच ऐकलंस. सगळं या वहीत आहे. मला वाचता येत नाही, नाहीतर मीच वाचलं असतं. नोरीन वाचेल. पहिल्यापासून. शेपटीसकट."

"नको गं."

"बस खाली."

आणि नोरीननं वाचलं. कोट वाचला, कांदा वाचला, पाव वाचले. तिथे नोरीननं वही मिटायला घेतली, तर मी म्हटलं, पुढे. ग्लेनिस मांडीवर हात ठेवून ऐकत होती, चर्चमध्ये बसल्यासारखी. मी तिच्याकडे बघत राहिले. दुसरीकडे बघायची मला सवलत नव्हती. मग ब्लँकेटातलं आलं, मला वाटलं ग्लेनिसच गेली ते, आणि वेश बदलल्याचं आलं, तशी तिच्या खांद्यांना काहीतरी झालं. मला वाटलं रडली. हसत होती. तिरक्या केसांना हात लावून म्हणाली, "वेश! अगं, कात्री बोथट होती!"

मग जरा वेळानं ती रडलीही. ते लिहायचं नाही म्हणते, पण मी लिहवतेय.

आज सकाळी मी तिच्यापुढे एटीएममधून काढलेल्या नोटा ठेवल्या. यंत्र एका दिवसात तीनशेच देतं, म्हणून तेवढेच. बाकी उद्यापासून रोज आणीन. ती म्हणाली, नोरीन एका झटक्यात बँकेतून पाठवेल. मी म्हटलं, नको. पुन्हा दीड हजार तुझ्या खात्यात आले तर तो ससा उशी घेऊन दारात झोपेल. रोज आणीन, रोज चहा विचार.

शनिवार, २० मे

मला दोनशे मिळाले. तिघींत मला एकटीलाच, कारण माझा एकही महिना बुडाला नाही. कुणामुळे ते ठाऊक आहे.

नँटविचच्या मास्तरणीला नोरीननं फोन केला. तिनं हार्पला नव्या तारा घातल्यात, शिकणाऱ्या एका मुलीला ती आवडलीय, सहजी सोडणार नव्हती. अठराशे म्हणाली. ग्लेनिसचे सोळाशे कसेबसे जमले, दोनशे कमी. ते आता कमी नाहीत. पेटीवर गुलाब नसतील, साधं लाकूड असेल. एबेलला गुलाब दिसत नव्हतेच, त्याची नजर कायम पुढच्या पुलावर.

नोरीनला लँडडुनोबद्दल म्हटलं, "मी बुडवलं." ती म्हणाली, "समुद्र काय, खिडकीतून दिसतो तेवढाच." तिला समुद्रकाठची खोली मिळेल अशा एका बँकेच्या जाहिरातीचं कात्रण तिनं पुन्हा काढून ठेवलंय. मी ते चुलीत घातलं असतं, पण इथे चूल नाही.

हार्प आज दुपारी आली. तीच दोन माणसं, तेच ब्लँकेट. गालिच्यावरच्या ठशावर बरोबर बसली. ग्लेनिसनं वाजवली. दोन तारांपाशी मी सवयीनं गप्प जागेची वाट बघितली, पण तिथे आता स्वर होते. मला ते गाणं ओळखूच येईना.

मी म्हटलं, "माझ्या बोटीवर तू ही घेऊन बसशील?"

"ओलाव्यात? तारा उतरतील."

"उतरू देत."

"बसेन. पण तू घाई करू नकोस, थर्झा. आत्ताच सोडवून आणलीय."

तर रोझिना, माझे पाण्याचे दीड हजार घुबडाकडे पडून आहेत आणि आता ते कुठेही फिरायला जाणार नाहीत. तू हे सगळं विसरशील, ते चालेल. एवढंच विसरू नकोस: पुढच्या आठवड्यात हॅडक पाठव. पिवळा रंग लावलेला नको, खरा धुरावलेला. एकच मोठा पाठव, तिघींना पुरेल असा. पार्सलवर नाव ग्लेनिसचं घाल, माझं नको. जाड तुकडा तिचा, मधला नोरीनचा. शेपटी माझी.